बंद केलेला मेलबॉक्स परत चालू कसा करायचा: एक्सचेंज सर्व्हरवर नव्याने आलेल्यांसाठी

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी मेल सर्व्हर सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. लेखा विभागातल्या एक बाई बाळंतपणाची रजा संपवून सोमवारी कामावर आल्या. विंडोज नीट उघडलं, आउटलुक मात्र उघडेना. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे, म्हणजे १८२ दिवस. एचआरच्या यादीत त्यांच्या नावापुढे त्या काळात ‘इनॲक्टिव्ह’ लिहिलेलं होतं आणि ती यादी हातात धरून आमच्याच टीममधल्या कुणीतरी त्यांचा मेलबॉक्स डिसेबल करून टाकला होता. एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, असा मेलबॉक्स ३० दिवस सांभाळतो, नंतर पुसून टाकतो. त्या बाईंचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण तो सगळ्यात लांबचा रस्ता आहे. आधी जवळचे रस्ते बघू.

हा लेख डेस्कटॉप सपोर्टमधून नुकतेच सर्व्हरकडे आलेल्यांसाठी आहे. उदाहरणं एक्सचेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ची आहेत. या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्यांच्या जागी सबस्क्रिप्शन एडिशन आली, पण इथे सांगितलेली पद्धत तिलाही लागू पडते. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मॅनेजमेंट शेलमध्ये, म्हणजे एक्सचेंजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, पहिली काही अक्षरं टाकून टॅब दाबलात की पूर्ण स्पेलिंग तोच भरतो, त्यामुळे पाठांतराची गरज नाही.

‘बंद केला’ म्हणजे नक्की काय केलं?

आपल्याकडे सगळ्यालाच ‘बंद’ म्हणतात. दिवा बंद, दुकान बंद, मेल बंद. सर्व्हरच्या लेखी मात्र या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. नवीन मुलं इथेच फसतात. तिकिटात ‘मेल बंद आहे, चालू करा’ एवढंच वाचतात आणि सरळ शेल उघडतात.

पहिली गोष्ट, ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (कंपनीतल्या सगळ्या विंडोज खात्यांच्या नोंदवहीतलं) खातं डिसेबल केलेलं असतं. यात माणूस लॉगिन करू शकत नाही, पण मेलबॉक्स जागच्या जागी जोडलेला असतो आणि त्यात मेल येतही राहतात. खात्यावर राइट क्लिक करून ‘एनेबल अकाउंट’ म्हटलं की काम संपलं. यासाठी कुणी रिस्टोअर करायला बसू नये. मी बसलेला माणूस पाहिलाय.

दुसरी, मेलबॉक्स डिसेबल केलेला असतो. एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये (ब्राउझरमधल्या व्यवस्थापनाच्या पानावर) मेलबॉक्स निवडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘डिसेबल’ म्हटलं, किंवा शेलमधून डिसेबल-मेलबॉक्स चालवलं, की हे होतं. इथे युजरचं खातं शाबूत राहतं. त्याच्यावरची एक्सचेंजची सगळी माहिती पुसली जाते आणि डेटाबेसमधला मेलबॉक्स मालकाविना सुटा पडतो. विंडोज उघडतं पण आउटलुक उघडत नाही, वेबमेलवर मेलबॉक्स सापडत नसल्याचा एरर येतो, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

तिसरी, मेलबॉक्स डिलीट केलेला असतो. त्याच ॲडमिन सेंटरमध्ये कचरापेटीचं चित्र आहे. नवीन माणसाला वाटतं यानं फक्त मेलबॉक्स जाईल. तसं नाही. त्या बटणानं मेलबॉक्सबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं खातंही जातं. शेलमध्ये याचं नाव रिमूव्ह-मेलबॉक्स. डेटाबेसच्या यादीत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे मेलबॉक्स सारखेच ‘डिसेबल्ड’ म्हणून दिसतात, त्यामुळे यादी पाहून फरक कळत नाही. युजर अजून आहे का हे डिरेक्टरीतच जाऊन पाहावं लागतं. आणि कुणी या कमांडला ‘पर्मनंट’चा पर्याय जोडला असेल तर ३० दिवसांची सवलतही मिळत नाही.

चौथी गोष्ट ‘सॉफ्ट डिलीटेड’. एका डेटाबेसमधून दुसऱ्यात मेलबॉक्स हलवला की जुन्या जागी त्याची प्रत उरते, तिच्यापुढे असं लिहिलेलं असतं. ती बंद केलेल्या माणसाची नव्हे, स्थलांतर झालेल्याची. ही प्रत युजरला परत जोडता येत नाही, तिच्यातून फक्त मजकूर काढता येतो. यादीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या तर घाबरू नका, दुसरी ओळ बहुधा हीच असते.

हात लावण्याआधी

तिकीट आलं की तीन प्रश्न विचारा. कधी बंद केला? कुणाच्या सांगण्यावरून? आणि मधल्या काळात त्याच माणसाला नवीन मेलबॉक्स काढून दिला आहे का? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. त्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

मंजुरी लेखी घ्या. माणूस स्वतः परत येतोय तोवर प्रश्न नाही. पण ‘सोडून गेलेल्याचा मेलबॉक्स उघडून मला द्या’ असं त्याचे साहेब फोनवर सांगत असतील, तर एचआरचा मेल येईपर्यंत थांबायचं. साहेब रागावतील. रागावू द्या.

मग घड्याळ बघा. डिसेबल केलेला मेलबॉक्स किती दिवस राखायचा हे प्रत्येक डेटाबेसवर ठरलेलं असतं. कुणी बदललं नसेल तर ३० दिवस. गेट-मेलबॉक्सडेटाबेस चालवून ‘मेलबॉक्स रिटेन्शन’ ही किंमत वाचा. शेजारीच ‘डिलीटेड आयटम रिटेन्शन’ दिसेल, ती साधारण १४ दिवसांची असते. ती पुसलेल्या एकेका मेलसाठी आहे, पूर्ण मेलबॉक्सशी तिचा संबंध नाही. या दोन आकड्यांची गल्लत करून ‘पंधरा दिवस झाले, आता गेलं’ असं युजरला सांगून टाकणारे लोक आहेत.

आज २७वा किंवा २८वा दिवस असेल आणि मंजुरी अडकली असेल, तर आधी मुदत वाढवा. सेट-मेलबॉक्सडेटाबेस वापरून रिटेन्शन ६० दिवस करा, मग शांतपणे मंजुरीची वाट बघा. काम झाल्यावर पूर्वीचा आकडा परत घालायला विसरू नका, नाहीतर डेटाबेस फुगत राहतो.

सुटा मेलबॉक्स शोधणं

गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्स ही इथली मुख्य कमांड. तिला डेटाबेसचं नाव द्या आणि ज्यांचं ‘डिसकनेक्ट रीझन’ रिकामं नाही तेवढ्याच ओळी वेगळ्या काढा. मेलबॉक्स कोणत्या डेटाबेसवर होता हे माहीत नसेल तर आधी गेट-मेलबॉक्सडेटाबेस चालवून त्याचं उत्तर पाइपनं (दोन कमांडच्या मधल्या उभ्या रेघेनं) या कमांडकडे ढकला, म्हणजे सगळे डेटाबेस एकदम धुंडाळले जातात.

उत्तरात पाच गोष्टी मागवा: डिस्प्ले नेम, मेलबॉक्स गुइड (प्रत्येक मेलबॉक्सचा एकमेव ओळख क्रमांक), डिसकनेक्टची तारीख, एकूण आकार आणि लेगसी डीएन. शेवटची आत्ता निरुपयोगी वाटेल, तरी वहीत किंवा नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा.

गुइडचा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी ढीगभर असतात. आमच्याकडे दोन सचिन पाटील होते, एक स्टोअर्समध्ये आणि एक क्वालिटीत. दोघंही महिन्याभराच्या अंतरानं सोडून गेले. नावावरून मेलबॉक्स जोडला असता तर एकाचा पत्रव्यवहार दुसऱ्याच्या हातात गेला असता. नाव, आकार आणि तारीख बघून ओळख पटवा, पण जोडताना गुइडच वापरा.

आत्ताच डिसेबल केलाय आणि यादीत दिसतच नाही, असंही होतं. डेटाबेसच्या नोंदींना डिरेक्टरीतला बदल अजून कळलेला नसतो. २०१०च्या काळात त्यासाठी क्लीन-मेलबॉक्सडेटाबेस चालवायचे आणि इंटरनेटवरचे जुने लेख आजही तेच सांगतात. २०१३पासून ती कमांड नाही. तिच्या जागी अपडेट-स्टोअरमेलबॉक्सस्टेट आहे, तिला डेटाबेस आणि गुइड दिला की नोंद ताजी होते.

जोडणं

युजरचं खातं आहे, त्याला दुसरा मेलबॉक्स नाही, मुदत उरलेली आहे. तिन्ही गोष्टी जुळत असतील तर पुढचं काम पाच मिनिटांचं.

१. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खातं चालू आहे का पाहा, नसेल तर आधी ते चालू करा.

२. ॲडमिन सेंटरमध्ये रिसिपियंट्स, मग मेलबॉक्सेस. वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘कनेक्ट अ मेलबॉक्स’ निवडा.

३. सर्व्हर निवडला की सुट्या मेलबॉक्सची यादी येते. हवा तो निवडून कनेक्ट दाबा.

४. मूळ युजर सापडला तर एक्सचेंज विचारतं, याच खात्याला जोडू की दुसऱ्या? इथे घाई नको, खात्याचं नाव पूर्ण वाचा.

शेलमधून करायचं असेल तर कनेक्ट-मेलबॉक्स. तिला आयडेंटिटीमध्ये गुइड, मग डेटाबेसचं नाव, युजर आणि हवा तो एलियस (मेलबॉक्सचं छोटं नाव) द्यायचा. मीटिंग रूमचा मेलबॉक्स असेल तर ‘रूम’, सामाईक असेल तर ‘शेअर्ड’ हा पर्याय लावायचा, नाहीतर कॉन्फरन्स हॉल साध्या कर्मचाऱ्यासारखा जोडला जातो आणि बुकिंग आपोआप स्वीकारणं थांबतं. ज्यांना ऑनलाइन आर्काइव्ह होतं त्यांचं आर्काइव्ह हा डेटाबेसमध्ये वेगळाच मेलबॉक्स असतो. मुख्य मेलबॉक्स जोडून झाल्यावर त्याच कमांडला ‘आर्काइव्ह’ लावून तेही जोडावं लागतं. हे राहून गेलं की दोन दिवसांनी ‘माझे जुने मेल कुठे गेले’ म्हणून नवं तिकीट येतं.

जोडल्या जोडल्या आउटलुक उघडायला सांगू नका. आधी वेबमेलवर तपासा. डिरेक्टरीतला बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरांपर्यंत (डिरेक्टरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरांपर्यंत) पोचायला वेळ लागतो. एकाच ऑफिसात तो फार नसतो, पण पुण्यात बदल केला आणि माणूस नागपूरच्या शाखेत बसला असेल तर दोन साइटमधलं रेप्लिकेशन, म्हणजे या प्रतींची देवाणघेवाण, कुणी बदललं नसेल तर, दर १८० मिनिटांनी होतं. तीन तास फोनवर ‘अजून होत नाही’ ऐकण्यापेक्षा रेपॲडमिन ही कमांड चालवून रेप्लिकेशन ढकलावं, किंवा युजरला जेवून यायला सांगावं.

जोडल्यावर जे परत येत नाही

मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि फोल्डर मेलबॉक्सच्या आत असतात, ते जसेच्या तसे येतात. पण मेलबॉक्सबद्दलची बरीच माहिती युजरच्या खात्यावर लिहिलेली असते आणि डिसेबल करताना तीच पुसली गेलेली असते. जोडलेला मेलबॉक्स आतून जुना आणि बाहेरून नवा असतो. ही गोष्ट ध्यानात आली की पुढच्या सगळ्या तक्रारींचा उलगडा होतो.

सगळ्यात आधी कोटा, म्हणजे मेलबॉक्सच्या आकाराची मर्यादा. समजा एखाद्या मॅनेजरचा मेलबॉक्स १२ जीबीचा आहे आणि त्याला खास २० जीबीची मर्यादा दिलेली होती. ती मर्यादा गेली. आता त्याला डेटाबेसची सर्वसाधारण मर्यादा लागू होते. तिला कुणी हात लावला नसेल तर ती अशी: १.९ जीबीला इशारा, २ जीबीला पाठवणं बंद, २.३ जीबीला येणंही बंद. मेलबॉक्स जोडला, माणूस खूश झाला आणि दहाव्या मिनिटाला ‘मेलबॉक्स फुल’चा फोन आला, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलं तेव्हा मला काही सुचेना. तेव्हापासून मी जोडल्यावर पहिलं काम कोट्याचं करतो.

मग पत्ते. कंपनीच्या ॲड्रेस पॉलिसीनुसार मुख्य पत्ता आपोआप लागतो, पण हातानं जोडलेले जादा पत्ते येत नाहीत. लग्नाआधीच्या आडनावाचा जुना पत्ता, ‘परचेस’सारखा कामाचा पत्ता, विलीन झालेल्या कंपनीचं डोमेन, हे सगळं परत भरावं लागतं. युजरलाच विचारा, त्याला आठवतं. नाहीतर पुरवठादारांचे मेल महिनाभर बाउन्स होत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याकडे मेल पाठवण्याची फॉरवर्डिंगची सोय, कुणाच्या वतीनं मेल पाठवण्याची परवानगी, ॲड्रेस बुकमधून लपवलेलं असणं, हेही एकदा नजरेखालून घाला. मोबाइलवर खातं काढून पुन्हा घालावं लागू शकतं.

वितरण गटांचं मात्र दुःख नाही. खातं डिलीट झालेलं नसेल तर माणूस गटांत तसाच असतो आणि मेलबॉक्स जोडताच गटाचे मेल पुन्हा सुरू होतात.

मधल्या काळात आलेले मेल? ते नाहीत. बंद असताना जे कुणी पाठवले ते ५.१.१ किंवा ५.१.१०च्या एररसह पाठवणाऱ्याकडे परत गेले. सर्व्हरनं ते कुठे साठवले नाहीत, त्यामुळे काढून देता येणार नाहीत. हे युजरला पहिल्याच फोनवर सांगून टाका. उशिरा सांगितलं की दोष आपल्या माथी येतो.

आणि एक चमत्कारिक तक्रार येते. बाहेरचे मेल येतात, पण ऑफिसातल्याच सहकाऱ्यानं जुन्या मेलला उत्तर दिलं की बाउन्स होतं. बाउन्समध्ये पत्त्याच्या जागी आयएमसीईएईएक्सनं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. ऑफिसातल्या ऑफिसात आउटलुक आपल्या @ असलेल्या पत्त्यानं काम करत नाही, लेगसी डीएन नावाच्या जुन्या पद्धतीच्या ओळखीनं करतं. युजरचा लेगसी डीएन बदलला असेल तर जुन्या मेलमधली आणि आउटलुकच्या सुचवणीतली ओळख आता कुणाचीच नसते. मघाशी उतरवून ठेवलेला लेगसी डीएन इथे कामी येतो. मेलबॉक्सच्या पत्त्यांमध्ये एक नवा पत्ता जोडायचा, प्रकार एक्स५०० निवडायचा आणि तो जुना डीएन त्यात चिकटवायचा. उतरवून ठेवला नसेल तर बाउन्सच्या ओळीवरूनच तयार करा: सुरुवातीचं आयएमसीईएईएक्स आणि त्यापुढची आडवी रेघ काढा, शेवटचं @ आणि डोमेन काढा, प्रत्येक अंडरस्कोअरच्या जागी तिरकी रेघ घाला, ‘+२०’च्या जागी मोकळी जागा, ‘+२८’ आणि ‘+२९’च्या जागी कंस, ‘+२ई’च्या जागी पूर्णविराम. किचकट आहे, पण दोनदा केलं की हात बसतो.

कुणीतरी आधीच नवीन मेलबॉक्स काढून दिला असेल तर

हे फार वेळा होतं. युजर दारात उभा, साहेब घाईत, सपोर्टचा मुलगा भला. तो नवा कोरा मेलबॉक्स काढून देतो. चार दिवसांनी युजरला जुने मेल आठवतात. आता कनेक्ट-मेलबॉक्स चालणार नाही, कारण एका युजरला एकच मुख्य मेलबॉक्स असतो.

अशा वेळी न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट. हिला सोर्स डेटाबेस, जुन्या मेलबॉक्सचा गुइड आणि टार्गेट म्हणून नवा मेलबॉक्स द्यायचा. जुन्याचा आणि नव्याचा लेगसी डीएन वेगळा असल्यामुळे ‘अलाउ लेगसी डीएन मिसमॅच’ हा पर्याय लागतोच, नाहीतर कमांड नकार देते. ‘टार्गेट रूट फोल्डर’मध्ये ‘जुने मेल’ असं काही नाव दिलं तर सगळं त्या फोल्डरखाली येतं. न दिल्यास जुना इनबॉक्स नव्या इनबॉक्समध्ये मिसळतो. चार दिवसांचाच नवा मेलबॉक्स असेल तर मी मिसळू देतो. दुसऱ्याच माणसाला हस्तांतर करायचं असेल तर मात्र फोल्डर वेगळाच ठेवायचा, यात तडजोड नको.

सुरू करण्याआधी टार्गेटचा कोटा वाढवा. १२ जीबी मजकूर २ जीबीच्या डब्यात ओतायला गेलात तर रिक्वेस्ट मध्येच फेल होते. प्रगती बघायला गेट-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्टस्टॅटिस्टिक्स. ही कमांड नक्कल करते, मूळ मेलबॉक्स तिथेच राहतो, त्यामुळे चुकलं तर पुन्हा करता येतं. सॉफ्ट डिलीटेड प्रतीतून मजकूर काढायलाही हीच कमांड लागते.

दुसरा मार्ग उलटा आहे: नवा मेलबॉक्स डिसेबल करायचा, जुना जोडायचा आणि नव्यातले चार दिवसांचे मेल जुन्यात ओतायचे. जुना मेलबॉक्स मोठा आणि नवा लहान असेल तर यात वेळ पुष्कळ वाचतो. पण दोन्ही गुइड कागदावर लिहून ठेवल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

खातंच डिलीट झालं असेल तर

ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रिसायकल बिन चालू आहे का पाहा. ते विंडोज सर्व्हर २००८ आर२पासून आहे, पण आपसूक चालू नसतं. एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, आणि बंद करण्याचं काही कारणही नाही. विंडोज सर्व्हर २०१२पासून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये ‘डिलीटेड ऑब्जेक्ट्स’ उघडून खातं निवडलं आणि रिस्टोअर म्हटलं की झालं. डिलीट झालेलं खातं असं परत आणण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १८० दिवसांची असते. खातं परत आल्यावर आधी गेट-मेलबॉक्सनं पाहा की मेलबॉक्स आपोआप जोडला गेलाय का. नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे जोडा.

रिसायकल बिन नसेल तर त्याच नावाचं नवीन खातं काढून त्याला जुना मेलबॉक्स जोडता येतो. मेल मिळतील, पण विंडोजच्या लेखी हा नवा माणूस आहे, त्याचा एसआयडी, म्हणजे विंडोजचा ओळख क्रमांक, वेगळा. सगळ्या गटांत त्याला पुन्हा घालावं लागतं, आणि इतरांनी त्याला दिलेल्या फोल्डरच्या परवानग्यांमध्ये नावाऐवजी एस-१-५-२१नं सुरू होणारा आकडा दिसत राहतो.

मेलबॉक्स क्लाउडवर असेल तर

एक्सचेंज ऑनलाइनवर बरंच सोपं आहे. लायसन्स काढलं किंवा युजर डिलीट केला, तर ३० दिवसांत लायसन्स परत द्या किंवा ॲडमिन सेंटरमधल्या ‘डिलीटेड युजर्स’मधून माणूस परत आणा, मेलबॉक्स बरोबर येतो. इथे बॅकअपचा डेटाबेस आपल्या हातात नसतो, म्हणून मेलबॉक्सवर आधीपासून होल्ड (मजकूर पुसू न देणारी राखण) नसेल तर ३० दिवसांनंतर तो मिळत नाही. हायब्रिड मांडणीत, म्हणजे ऑफिसचा सर्व्हर आणि क्लाउड दोन्ही जोडून वापरत असाल तिथे, एक खोच आहे. कुणी ऑफिसच्या डिरेक्टरीत साफसफाई करताना युजरला सिंक न होणाऱ्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) सरकवलं, की क्लाउडला वाटतं युजर डिलीट झाला. युजरला परत जुन्या ओयूत ठेवा आणि सिंक होऊ द्या. घाबरून ऑफिसच्या सर्व्हरवर नवा मेलबॉक्स काढू नका, त्यानं एका माणसाचे दोन मेलबॉक्स होऊन बसतात.

तीस दिवस उलटून गेल्यावर

आता त्या लेखा विभागातल्या बाई. सहा महिने झाले होते, सुट्या मेलबॉक्सच्या यादीत त्यांचं नाव असणं शक्यच नव्हतं. पण आमचे महिनाअखेरचे बॅकअप वर्षभर राखले जायचे, म्हणून रिकव्हरी डेटाबेसचा मार्ग उरला होता.

रिकव्हरी डेटाबेस म्हणजे बॅकअपमधला डेटाबेस बाजूला माउंट करून त्यातला मजकूर काढून घेणं. चालू डेटाबेसला यात हात लागत नाही. डिस्कवर जागा भरपूर लागते: पूर्ण डेटाबेस, त्याचे लॉग आणि वर थोडी मोकळी. एका मेलबॉक्ससाठी ४०० जीबीची फाइल आणावी लागली तरी इलाज नसतो.

बॅकअपमधून ईडीबी फाइल (डेटाबेसची मुख्य फाइल) आणि लॉग एका वेगळ्या फोल्डरमध्ये आणा. डेटाबेस तपासण्याची ईएसईयुटिल ही कमांड ‘तिरकी रेघ एमएच’ लावून चालवून डेटाबेसची स्थिती वाचा. ‘क्लीन शटडाउन’ असेल तर उत्तम. बहुतेक वेळा ‘डर्टी शटडाउन’ दिसतं, त्याचा अर्थ फाइल बिघडली असा नाही, लॉगमधले व्यवहार तिच्यात उतरायचे राहिलेत एवढाच. तिरकी रेघ आर लावून ते उतरवून घ्या. तिरकी रेघ पी हा पर्यायही दिसेल. तो न जुळणारी पानं फेकून देऊन डेटाबेस दुरुस्त करतो, सगळं थकल्यावरच त्याच्याकडे वळायचं.

मग न्यू-मेलबॉक्सडेटाबेसला ‘रिकव्हरी’ हा पर्याय लावून, ईडीबी आणि लॉगचे मार्ग देऊन नवा डेटाबेस तयार करा आणि माउंट करा. गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्सनं त्यातला मेलबॉक्स शोधा. रिकव्हरी डेटाबेसमधला मेलबॉक्स युजरला थेट जोडता येत नाही, म्हणून युजरला एक नवा मेलबॉक्स काढून, कोटा वाढवून, न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्टनं त्यात मजकूर ओता.

आमचं हे काम सोमवारी सुरू झालं ते गुरुवारी संध्याकाळी संपलं. त्यातला निम्मा वेळ योग्य बॅकअप शोधण्यात आणि डिस्कवर जागा करण्यात गेला. बाईंना त्यांचे जवळजवळ सगळे मेल मिळाले. मिळाले नाहीत ते महिनाअखेरचा बॅकअप आणि मेलबॉक्स डिसेबल झाला तो दिवस यांच्या मधल्या नऊ दिवसांचे. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर आउटलुकची ओएसटी फाइल, म्हणजे मेलबॉक्सची कॉम्प्युटरवरची प्रत, मिळेल अशी आशा होती, पण तो फॉरमॅट करून दुसऱ्याला दिलेला होता. मग बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना त्यांच्या सेंट आयटम्समधून त्या दिवसांचे मेल पुढे पाठवायला सांगितलं.

पुढच्या महिन्यापासून आम्ही रजेवरच्या आणि सोडून गेलेल्यांच्या मेलबॉक्सला ‘डिसेबल’ लावणं थांबवलं. रजेवर गेलेल्याला ऑटोमॅटिक रिप्लाय लावायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. सोडून गेलेल्याचं डिरेक्टरीतलं खातं बंद करायचं, ॲड्रेस बुकमधून नाव लपवायचं आणि मेलबॉक्स शेअर्डमध्ये बदलून ९० दिवस तसाच ठेवायचा. क्लाउडवर ५० जीबीपर्यंतच्या शेअर्ड मेलबॉक्सला लायसन्स लागत नाही, त्यामुळे तिथे खर्चाचा मुद्दाही निघत नाही.

युजरनं दोन-तीन दिवस वापरून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं, की पूर्ण झालेली रिस्टोअर रिक्वेस्ट रिमूव्ह-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्टनं काढा. रिकव्हरी डेटाबेस डिसमाउंट करून काढून टाका. कमांडनं डेटाबेसची फक्त नोंद जाते, ईडीबी आणि लॉगच्या फाइल डिस्कवर तशाच राहतात. त्या हातानं पुसाव्या लागतात.